पाऊल डावीकडे वाजतं, शत्रू मागून निघतो: हेडफोनमधली दिशा का चुकते आणि ती कशी दुरुस्त करायची

खेळात पाऊल वाजतं, तुम्ही झटकन वळता आणि समोर कुणीच नसतं. ही तक्रार इतक्या वेळा येते की बरेच जण शेवटी कंटाळून नवा, महागडा हेडफोन घेतात. त्यावरही दिशा चुकतेच, कारण बिघाड बहुतेक वेळा हेडफोनमध्ये नसतो. खेळ, विंडोज, हेडसेटचं सॉफ्टवेअर आणि यूएसबी डोंगल यांच्यापैकी दोघं-तिघं एकाच आवाजावर आपापली 'सराउंड' प्रक्रिया करत असतात. नाहीतर वाटेत कुठेतरी डावं-उजवं एकमेकांत मिसळलेलं असतं. दिशेचं काम साखळीत एकाच ठिकाणी व्हायला हवं आणि तिथून पुढे दोन चॅनेल जसेच्या तसे कानापर्यंत पोचायला हवेत. खालची सगळी तपासणी या एका गोष्टीसाठी आहे.

आधी थोडं कानाबद्दल, कारण कुठलं लक्षण कुठल्या बिघाडाचं हे त्याशिवाय कळत नाही. अगदी बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली मेंदू मुख्यतः या उशिरावरून बाजू ओळखतो. त्याच्या वरच्या पट्ट्यात डोकं आडवं येतं, दूरच्या कानाला आवाज क्षीण मिळतो आणि त्या फरकावरून बाजू ठरते. लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्ये मांडलेला हा दुहेरी हिशोब आजही पायाभूत मानला जातो. अडचण अशी, की समोरून ३० अंश उजवीकडे असलेला आवाज आणि पाठीमागून तेवढाच उजवीकडे असलेला आवाज या दोघांसाठी हे दोन्ही फरक जवळपास सारखेच येतात. पुढे की मागे, वर की खाली, हे ठरतं बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे ५-६ किलोहर्ट्झच्या वर पडणाऱ्या खाचांवरून, म्हणजे ठरावीक वारंवारतांवर आवाज कमी होण्यावरून. या सगळ्याचं गणित म्हणजे एचआरटीएफ (हेड-रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन). ते प्रत्येक कपात एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर) असलेल्या साध्या स्टिरिओ हेडफोनवर उत्तम चालतं. एकेका कपात तीन-चार छोटे ड्रायव्हर बसवलेला '७.१' (सात स्पीकर आणि एक बासचा) हेडफोन त्यासाठी लागत नाही. इतक्या जवळून कोनाचा फरक पडत नाही आणि ड्रायव्हर मात्र लहान, एकमेकांशी न जुळणारे मिळतात.

सुरुवात: सगळं बंद करून तीन चाचण्या

दुरुस्ती करण्याआधी साखळी उघडी करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन तुमच्या हेडफोनच्या नावावर क्लिक करा. तिथे स्पॅशिअल साउंड 'ऑफ', ऑडिओ एनहान्समेंट्स 'ऑफ' आणि डाव्या-उजव्या चॅनेलचे आकडे सारखे करा. हे आकडे चुकून सरकलेले असणं फार सामान्य आहे. ८० आणि ६७ असं काहीतरी दिसतं आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मग ॲक्सेसिबिलिटीतल्या ऑडिओ विभागात 'मोनो ऑडिओ' (दोन्ही कानांत एकच मिसळलेला आवाज) बंद आहे ना ते पाहा. हे बटण चालू असेल तर बाकी काहीही करून दिशा मिळणार नाही. हेडसेटचं आणि मदरबोर्डसोबत आलेलं ऑडिओ सॉफ्टवेअरही उघडा आणि त्यातलं सराउंड, 'गेम मोड', बास बूस्ट असं सगळं बंद करा. नाहिमिकसारखं सॉफ्टवेअर खिडकी बंद केली तरी मागे सेवा म्हणून चालूच राहतं, म्हणून आधी त्याच्या आतला मुख्य स्विच बंद करा आणि मगच खिडकी मिटा.

पहिली चाचणी डाव्या-उजव्याची. 'मोअर साउंड सेटिंग्ज'मध्ये हेडफोन निवडून 'कॉन्फिगर' दाबा, स्टिरिओ निवडा आणि 'टेस्ट' करा. डाव्याचा आवाज फक्त डाव्या कानात यायला हवा. दोन्हींत थोडा-थोडा येत असेल तर कुठेतरी प्रक्रिया अजून चालू आहे.

दुसरी चाचणी मध्याची. एखादा मोनो आवाज, शक्यतो गुलाबी नॉइज (धबधब्यासारखा सलग खळखळाट) किंवा एकट्या माणसाचं बोलणं, डोळे मिटून ऐका. तो डोक्याच्या बरोबर मधोमध, एका बिंदूवर बसायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला, म्हणजे डावा कप उजव्या कानावर. झुकाव बाजू बदलत असेल तर दोष यंत्रात आहे. झुकाव त्याच कानाकडे राहत असेल तर दोष कानात आहे. मळ साचलेला असणं हे सर्वांत साधं कारण, आणि ते कानाच्या डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. यंत्रातलाच दोष निघाला तर तोच हेडफोन दुसऱ्या उपकरणाला लावा. तिथेही झुकला तर हेडफोन, नाहीतर संगणक. आवाज एका बिंदूवर न बसता डोक्याभोवती पसरलेला, पोकळ वाटत असेल तर ती वेगळीच भानगड आहे. तिच्याबद्दल पुढे पिनेच्या भागात.

तिसरी चाचणी खेळातच. सरावाच्या नकाशावर एखादा स्थिर, सतत वाजणारा आवाज शोधा: पाणी, आग, जनरेटर, काहीही. त्याच्यापासून पाच-सात पावलांवर उभं राहून माउसने अगदी सावकाश पूर्ण ३६० अंश फिरा. आवाज डोक्याभोवती सलग सरकायला हवा. तो काही ठरावीक जागांना चिकटून मग उडी मारत असेल, तर खेळ सात आभासी स्पीकरांमध्ये आवाज वाटतोय आणि दुसरं कुणीतरी ते पुन्हा दोन कानांत दुमडतंय. समोर आणि मागे तंतोतंत सारखं ऐकू येत असेल, तर एचआरटीएफ चालूच नाही; नुसतं डाव्या-उजव्याचं पॅनिंग, म्हणजे कुठल्या कानात आवाज किती मोठा एवढंच आहे. आणि आवाज बादलीतून आल्यासारखा, किंचित घुमणारा असेल, तर प्रक्रिया दोनदा होते आहे.

दुहेरी प्रक्रिया: दहातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ

एचआरटीएफ लावलेल्या आवाजात आधीच कानाच्या खाचा आणि डोक्याचा उशीर भरलेला असतो. त्याच्यावर विंडोज सोनिक (विंडोजचं आपलं आभासी सराउंड) किंवा डोंगलचं ७.१ पुन्हा चढलं, की ते त्या तयार डाव्या-उजव्या चॅनेलला समोरच्या दोन स्पीकरांचा आवाज समजतं. मग प्रत्येक चॅनेलचा थोडा भाग विरुद्ध कानात जातो, वर खोलीचा प्रतिध्वनी मिसळतो आणि मूळ खाचांवर दुसऱ्या खाचा पडतात. मागून आलेलं पाऊल त्यामुळे समोर वाटतं. गंमत अशी की ऐकायला हे 'भव्य' वाटतं, म्हणून लोक ते चालू ठेवतात. भव्य वाटणं आणि कोन बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आधी तुमचा खेळ कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा.

ज्या खेळात स्वतःचं एचआरटीएफ आहे, तिथे तेच वापरा आणि बाहेरचं सगळं बंद ठेवा. काउंटर-स्ट्राइकमध्ये ही सोय ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या काळात २०१६ मध्ये आली, आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ती ध्वनियंत्रणेचाच भाग आहे. व्हॅलोरंटमध्ये ती २०२१ मध्ये आली आणि तिथे ऑडिओ सेटिंग्जमध्ये ती वेगळी चालू करावी लागते. ओव्हरवॉचमध्ये हेडफोनसाठीचं डॉल्बी ॲटमॉस खेळाच्या आतच आहे. ते चालू केलं तर विंडोजमधलं ॲटमॉस बंद हवं. या तिन्ही ठिकाणी विंडोजची स्पीकर मांडणी स्टिरिओ आणि खेळातला पर्याय हेडफोन किंवा स्टिरिओ असावा. काउंटर-स्ट्राइक २ मधली डाव्या-उजव्याच्या विलगीकरणाची पट्टी वाढवली की बाजूचा आवाज त्या-त्या कानात जास्त अलग होतो. बाजू ठळक कळते, पण पूर्ण टोकाला नेली तर कोनांमधले बारीक फरक ओळखणं जड जातं. मधल्या जागेपासून सुरुवात करा आणि फिरण्याची चाचणी घेत हलवा.

ज्या खेळात एचआरटीएफ नाही पण ५.१ किंवा ७.१ आउटपुट आहे, तिथे बाहेरचा एक, फक्त एक, प्रक्रियक लावायचा. विंडोज सोनिक २०१७ पासून विंडोजमध्येच येतं. हेडफोनसाठीचं डॉल्बी ॲटमॉस आणि डीटीएस हेडफोन:एक्स विकत घ्यावं लागतं. इक्वलायझर एपीओ या विंडोजच्या इक्वलायझरवर चालणारं हेसुवि नावाचं आभासी सराउंड मोफत आहे, आणि त्यात अनेक वेगवेगळ्या आभासी खोल्यांचे आणि डोक्यांचे नमुने आलटून-पालटून ऐकता येतात. हेसुविसाठी विंडोजची स्पीकर मांडणी ७.१ करावी लागते, आणि नेमकं इथेच पाय घसरतो: नंतर एचआरटीएफवाला खेळ सुरू करताना ती पुन्हा स्टिरिओ करायची राहून जाते. मांडणी बदलल्यावर खेळ बंद करून पुन्हा सुरू करा. बरेच खेळ चॅनेल किती हे सुरू होतानाच विचारतात, पुढे लक्ष देत नाहीत.

ज्या खेळात नुसतंच स्टिरिओ आहे, तिथे कुठलंही आभासी सराउंड काही शोधून काढू शकत नाही. पुढे-मागेची माहिती आवाजात नाहीच, मग ती कानात कुठून येणार? तिथे सगळं बंद ठेवणं हेच सर्वांत अचूक.

यूएसबी डोंगल असलेल्या '७.१' हेडसेटचं जरा सांगायला हवं. डोंगल विंडोजला आपण आठ चॅनेलचं यंत्र आहोत असं सांगतं आणि आतल्या आत त्याचे दोन करतं. सॉफ्टवेअरमध्ये सराउंड बंद केलं तरी विंडोजमध्ये मांडणी कधीकधी ७.१ च राहते. मग खेळ आठ चॅनेल पाठवतो, डोंगल ते साध्या बेरजेने दोनात ओततं आणि मागचे आवाज पुढच्यांत मिसळून जातात. 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन मांडणी हाताने स्टिरिओ करा. बिनतारी हेडसेटची कधीकधी 'गेम' आणि 'चॅट' अशी दोन वेगळी यंत्रं दिसतात. खेळाचा आवाज चॅटवर गेला असेल तर तो निकृष्ट, बऱ्याचदा मोनोच येणार.

ब्लूटूथवर माइक चालू केला की दिशा जाते

नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटचा माइक कुठल्याही प्रोग्रॅमने उघडला की जोडणी गाण्याच्या प्रोफाइलवरून फोनकॉलच्या प्रोफाइलवर उतरते. आवाज मोनो होतो आणि नमुना दर (सॅम्पल रेट) ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. म्हणजे बाजूही गेली आणि कानाच्या खाचा ज्या वरच्या पट्ट्यात असतात तो पट्टाही बराचसा गेला. डिस्कॉर्ड (खेळताना बोलायचं ॲप) उघडल्याबरोबर दिशा गेली, बंद केल्यावर परत आली, असं लक्षण असेल तर दुसरं काही तपासू नका. डिस्कॉर्डमध्ये आणि खेळात इनपुट म्हणून वेगळा माइक निवडा, वेबकॅमचा चालेल. नाहीतर तार लावा. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओत माइक चालू असतानाही स्टिरिओ राहू शकतो, पण त्यासाठी हेडसेट, संगणकाचं ब्लूटूथ आणि त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर या तिघांचाही पाठिंबा लागतो. २.४ गिगाहर्ट्झचं स्वतंत्र डोंगल असलेल्या हेडसेटला ही अडचण नसते.

डिस्कॉर्ड चालू असताना आवाज अचानक दबत असेल तर तो वेगळा प्रश्न. 'मोअर साउंड सेटिंग्ज'मधल्या 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये बोलणं सुरू झाल्यावर बाकीचे आवाज ८० टक्के कमी करण्याची सोय असते. तिथे 'डू नथिंग' निवडा. डिस्कॉर्डच्या आतही अशीच आवाज दाबणारी पट्टी आहे, ती शून्यावर आणा.

पिन, तार आणि गाद्या

पोकळ आवाजाकडे परत येऊ. चार वलयांची पिन तीन वलयांच्या सॉकेटमध्ये अर्धवट बसली, किंवा आतली सामाईक ग्राउंडची तार तुटली, की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांमधून जोडले जातात. कानात येतो तो डाव्या-उजव्याचा फरक. गाण्यातला गायक नाहीसा होतो, खेळात अगदी समोरचे आवाज विरतात आणि बाजूचे विचित्र पसरतात. पिन पूर्ण आत दाबून पाहा, मग हळूच फिरवून पाहा. माइकसह एकाच पिनेचा हेडसेट डेस्कटॉपच्या हिरव्या आणि गुलाबी सॉकेटांना लावायचा असेल तर वाय आकाराचा दुभाजक वापरा. पण तो माइक आणि हेडफोन वेगळे करणारा हवा. दोन हेडफोन एका सॉकेटला लावायचा दुभाजक दिसायला तसाच असतो आणि इथे उपयोगाचा नाही.

याच दोषाचं सौम्य रूप जास्त फसवं असतं. लांब एक्स्टेन्शन किंवा तारेवरचं आवाजाचं चाक यांमुळे ग्राउंडच्या सामाईक वाटेत रोध वाढतो. ३२ ओमच्या हेडफोनला १ ओमचा सामाईक रोध असेल तर एका कानाचा साधारण उणे ३० डेसिबल आवाज दुसऱ्या कानात उलट्या फेजमध्ये गळतो. नुसतं ऐकून हे कळत नाही, पण समोरचा बिंदू धूसर होतो. एक्स्टेन्शन काढून मध्याची चाचणी पुन्हा घ्या. तारेवरचं चाक असेल तर ते पूर्ण उघडं ठेवून आवाज संगणकावरून कमी करा. ही चाकं कमी आवाजाला डावं-उजवं सारखं ठेवत नाहीत, आणि १-२ डेसिबलचा फरकही मधला आवाज सरकवायला पुरतो.

इअरपॅडकडे कुणी पाहत नाही, हे खरंच वाईट आहे. एका बाजूचा फोम बसला किंवा चष्म्याची काडी एका बाजूने फट पाडत असली, की त्या कानातला बास गळतो आणि ड्रायव्हरचं कानापासूनचं अंतर बदलतं. वरच्या पट्ट्यातल्या खाचा या अंतरावर फार अवलंबून असतात. पॅड बदलायचे तर दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदला. जाडी किंवा कापड बदललं की आवाजही बदलतो.

अंतर कळत नसेल तर

बाजू बरोबर, पण शत्रू दोन पावलांवर आहे की वीस, हे समजत नाही: इथे दोषी जवळपास नेहमी कॉम्प्रेशन असतं, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतला फरक दाबणं. विंडोजमधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' आणि खेळातला 'नाइट मोड' किंवा तशा नावाचा डायनॅमिक रेंजचा पर्याय बारीक आवाज मोठे आणि मोठे बारीक करतात. लांबचं पाऊल स्पष्ट ऐकू येतं म्हणून अनेकांना हे आवडतं. पण अंतराचा मुख्य पुरावाच आवाजाची पातळी असतो आणि तो तुम्ही स्वतःहून पुसता. बंद करा आणि आठवडाभर खेळून मग मत बनवा.

पुढे-मागे अजूनही चुकतंय?

साखळी स्वच्छ करूनही हा एक दोष काहींना राहतो, आणि त्याचं कारण प्रामाणिकपणे सांगायला हवं. खेळातलं एचआरटीएफ तुमच्या कानाचं नसतं. ते कुणा दुसऱ्याच्या कानावर किंवा मापनासाठीच्या पुतळ्यावर मोजलेलं असतं. एमआयटीने १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्यावर ७१० दिशांची मोजणी केली. सीआयपीआयसी प्रयोगशाळेच्या २००१ च्या संचात ४३ माणसांच्या आणि केमारच्या दोन प्रकारच्या कानांची मोजणी आहे, आणि त्या कानांमधले फरक भरपूर आहेत. तुमचा कान वापरलेल्या नमुन्यापेक्षा फार वेगळा असेल तर खाचा चुकीच्या जागी पडतात.

यावर तीन गोष्टी करता येतात. हेसुवि वापरत असाल तर नमुने बदलून फिरण्याची चाचणी घ्या आणि ज्यात 'मागे' खरोखर मागे वाटतं तो ठेवा. दुसरी गोष्ट धीराची: १९९८ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या कानात साचे बसवून खाचा बदलल्या, आणि काही आठवड्यांत त्यांनी नव्या कानांनी वर-खाली ओळखायला शिकून घेतलं. म्हणून रोज सेटिंग बदलू नका. एक निवडून किमान तीन आठवडे त्यावरच खेळा.

तिसरी लगेच उपयोगी पडते. प्रत्यक्षात आपण डोकं हलवून पुढे-मागे ठरवतो. हेडफोनवर ते काम माउस करतो. आवाज आला की थोडं, २०-३० अंश, उजवीकडे वळा. आवाज डावीकडे सरकला तर तो समोर आहे, उजवीकडे सरकला तर मागे. याला कानाच्या खाचा लागतच नाहीत, त्यामुळे कुणाच्याही एचआरटीएफवर हे चालतं. काही दिवसांत हात आपोआप करू लागतो.

वर-खाली मात्र सर्वांत कच्चं राहतं. मजल्यांचा फरक बरेच खेळ आवाज मंद करून किंवा भिंतीचा अडसर दाखवून सुचवतात, आणि ते त्या खेळाच्या यंत्रणेवर आहे. तिथे हेडफोन बदलून काही साधत नाही.

जुने खेळ

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि डायरेक्टसाउंडचा (खेळांचा आवाज साउंड कार्डकडे देणारी विंडोजची व्यवस्था) हार्डवेअर मार्ग बंद झाला. त्याआधीच्या अनेक खेळांमधला उत्तम त्रिमितीय आवाज तेव्हापासून सपाट ऐकू येतो. त्यासाठी डीएसओएएल (जुना डायरेक्टसाउंड आवाज पुढे वळवतं) आणि ओपनएएल सॉफ्ट (तो त्रिमितीय करतं) वापरा. डीएसओएएलची डीसाउंड आणि तिच्यासोबतची ड्रायव्हर अशा दोन डीएलएल फाइल्स खेळाच्या मुख्य फाइलशेजारी ठेवा. जुने खेळ ३२ बिटचे असतात, म्हणून फाइल्सही ३२ बिटच्याच हव्यात. ओपनएएल सॉफ्टच्या सेटिंग फाइलमध्ये एचआरटीएफ 'ट्रू' आणि स्टिरिओ मोड 'हेडफोन्स' करा. मग खेळाच्या आत ईएएक्स (जुन्या साउंड कार्डांची प्रतिध्वनीची सोय) किंवा हार्डवेअर ध्वनीचा पर्याय निवडता येतो. विंडोजमधलं स्पॅशिअल साउंड इथेही बंदच.

इक्वलायझर लावायचाच असेल तर

स्फोटांच्या बासखाली पावलं झाकली जातात, तेव्हा १५० हर्ट्झच्या खाली ३ ते ५ डेसिबल कमी करणं योग्य. ५ किलोहर्ट्झच्या वर मात्र टोकदार चढ-उतार करू नका. तिथे तुम्ही कानाच्या खाचा खोडत असता. पट्टा वाढवलात तर प्रीॲम्प (एकूण पातळी) तेवढ्याच डेसिबलने खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाला क्लिपिंग होतं, म्हणजे तो कापला जाऊन फाटतो. बदल दोन्ही चॅनेलना सारखाच लावा.

विंडोजमधला फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. ९६ किंवा १९२ ने दिशा सुधारत नाही, आणि हेसुविचे नमुने ४४.१ व ४८ किलोहर्ट्झसाठी असल्याने तिथे उलट घोळ होतो.

ऑडिओ ड्रायव्हर किंवा विंडोजचं मोठं अपडेट झालं की इक्वलायझर एपीओ मुकाट्याने सुटतो, एनहान्समेंट्स परत चालू होतात आणि स्पीकर मांडणी बदलते. 'कालपर्यंत बरोबर होतं' अशी तक्रार असेल तर एपीओचा कॉन्फिगरेटर (नव्या आवृत्तीत 'डिव्हाइस सिलेक्टर') पुन्हा चालवा, हेडफोनवर खूण करा, संगणक रीस्टार्ट करा आणि मध्याची चाचणी पहिल्यापासून घ्या.